तलाकनंतरच्या इद्दतीत नोकरीवर जाता येते का, हे कसे ठरवावे

तलाक झाला, इद्दत (तलाकनंतर बाईने पाळायचा ठरावीक काळ, ज्यात दुसरे लग्न करता येत नाही) सुरू झाली आणि सोमवारी शाळा उघडणार आहे. अशा वेळी हजेरीपटावर सही करायला जायचे की नाही, हे बाईला घरातली चार माणसे चार प्रकारे सांगतात. आई म्हणते उंबरठा ओलांडायचा नाही, शेजारीण म्हणते तो नियम विधवेचा, भाऊ म्हणतो हल्ली कोण पाळतो, आणि जमातीतले एखादे वडीलधारे म्हणतात की फक्त रात्री घरी असलीस की झाले. यांपैकी कोणीही तिला जो पहिला प्रश्न विचारायला हवा तो विचारत नाही, तो म्हणजे या तीन महिन्यांत तुझा खर्च कोण चालवणार आहे. इद्दतीतल्या नोकरीविषयी फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत जी चर्चा आहे ती बहुतांशी याच प्रश्नाभोवती फिरते, आणि तो नीट मांडला की बाकीची गुंतागुंत बरीच सुटते.

आधी एक गैरसमज दूर करावा. इद्दतीत काम करणे किंवा कमावणे यावर बंदी नाही. चर्चा आहे ती घराबाहेर पडण्याची. कुरआनच्या सूरह तलाक या अध्यायातील पहिली आयत पतींना सांगते की तलाक दिलेल्या स्त्रियांना त्यांच्या घरांतून काढू नका, आणि त्या स्त्रियांनीही बाहेर पडू नये. उघड दुराचाराचा अपवाद सोडून. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हुकूम दोघांना आहे आणि पुरुषाला दिलेला हुकूम आधी आला आहे. त्यामुळे जी बाई घरी बसून बिड्या वळते, शिलाई मशीन चालवते, मुलांची शिकवणी घेते किंवा लॅपटॉपवर कंपनीचे काम करते, तिच्यापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही. तिची कमाई तिचीच राहते. स्त्रियांनी जे कमावले त्यात त्यांचा वाटा आहे, हे सूरह निसामध्ये स्पष्टच म्हटले आहे. ज्यांना घरून काम करण्याची सोय मिळू शकते त्यांनी ती आधी मागावी, फतव्याची वाट नंतर धरावी.

तलाक कोणता आणि इद्दत कधीपर्यंत

नोकरीचा विचार करण्यापूर्वी इद्दत आहे का आणि कोणती, हे लिहून काढावे. निकाह झाला पण सहवास होण्याआधीच तलाक झाला असेल तर इद्दत नाही. सूरह अहजाबच्या ४९ व्या आयतीत तसे आले आहे. तलाक रजई असेल, म्हणजे पतीला इद्दतीच्या आत परत नांदवण्याचा हक्क असेल, तर इद्दत संपेपर्यंत नाते पूर्ण तुटलेले नसते. तलाक बाइन असेल, म्हणजे पतीला तसा हक्क नसेल, खुला (पत्नीने मागून घेतलेला तलाक) झाला असेल, किंवा तीन तलाक पूर्ण झाले असतील, तर नाते तुटलेले असते आणि इद्दत मात्र पाळायची असते. कामावर जाण्याचा हुकूम या फरकावर बदलतो, म्हणून ‘तलाक झाला’ एवढे मोघम उत्तर फतवा देणाऱ्या मुफ्तीसाहेबांनाही पुरत नाही.

एका बैठकीतल्या तीन तलाकांबाबत जास्त सावध राहावे लागते. २०१९ च्या कायद्याने असा तलाक रद्दबातल आहे आणि तो देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या नजरेत ती बाई पत्नीच राहते. दुसरीकडे हनफी आणि शाफई या मजहबांचे (इमामांच्या नावाने चालणाऱ्या फिक्हच्या परंपरांचे) उलेमा, म्हणजे धर्मपंडित, त्याला तीन तलाक धरत आले आहेत, तर अहले हदीस पंथाचे लोक एकच धरतात. अशा बाईने इद्दत सुरू करण्याआधी वकील आणि मुफ्ती या दोघांनाही कागद दाखवावा, कारण घरी इद्दत मोजत बसायचे आणि कोर्टात मात्र तलाकच झाला नाही असे ठरायचे, ही अवस्था फार अवघड असते.

आता मोजणी. पाळी येत असेल तर तीन ‘कुरू’ असा शब्द सूरह बकराच्या २२८ व्या आयतीत आहे आणि त्याचा अर्थ काय यावर इमामांचा मतभेद आहे. हनफी आणि हंबली मजहबात कुरू म्हणजे हैज, म्हणजे पाळी. शाफई आणि मालिकी मजहबात कुरू म्हणजे दोन पाळ्यांमधला पाकीचा काळ. वहीत मांडून पाहिले की फरक दिसतो. समजा तलाक ५ जानेवारीला, पाकीच्या दिवसांत दिला गेला, आणि त्यानंतर पाळी १२ जानेवारी, ९ फेब्रुवारी आणि ९ मार्चला सुरू झाली. शाफई बाईची इद्दत ९ मार्चला तिसरी पाळी दिसताच संपते, कारण ५ जानेवारीनंतरचे पाकीचे उरलेले दिवसही एक कुरू म्हणून धरले जातात. हनफी बाईला ती तिसरी पाळी पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, म्हणजे सहा दिवसांची पाळी असेल तर साधारण १५ मार्चपर्यंत. आणि रक्त दहा दिवसांच्या आत थांबले असेल तर आंघोळ करून मोकळे व्हायचे, किंवा आंघोळ राहिली तर एका नमाजाची वेळ उलटून जावी लागते. तलाक पाळीच्या दिवसांत दिला असेल तर ती पाळी कोणीच मोजत नाही. पाळी कायमची थांबलेल्या बाईची इद्दत तीन चांद्रमास, गरोदर बाईची प्रसूतीपर्यंत. हे दोन्ही सूरह तलाकच्या चौथ्या आयतीत आहे. ‘तीन महिने’ हा सर्रास बोलला जाणारा आकडा म्हणूनच कॅलेंडरवर सरळ लावू नये, कारण कोणाची इद्दत नव्वद दिवसांच्या बरीच आधी संपते तर कोणाची लांबते. मोजणी तलाक दिल्याच्या क्षणापासून होते, रजिस्टर पोस्टाने कागद हाती पडल्यापासून नाही.

खर्च कोणाचा, त्यावर बाहेर पडण्याचा हुकूम

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (पैगंबरांच्या वचनांच्या आणि हकिगतींच्या संग्रहात) त्यांचे सहकारी जाबिर बिन अब्दुल्लाह यांनी सांगितलेली एक हकिगत आहे. त्यांच्या मावशीला तलाक झाला होता आणि इद्दतीतच तिला आपल्या खजुरीच्या झाडांचा तोडा करायला जायचे होते. एका माणसाने तिला बाहेर पडल्याबद्दल दटावले. ती पैगंबरांकडे गेली, तेव्हा त्यांनी सांगितले की जा, आपल्या खजुरांचा तोडा कर, कदाचित त्यातून तू सदका (दान) देशील किंवा काही भले करशील. कोकणात ज्यांच्या घरी आंबा-काजूची बाग आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तोडा माणसाच्या सवडीने थांबत नाही. मालिक, शाफई आणि अहमद या तिन्ही इमामांनी या हदीसच्या आधारे असे म्हटले की बाइन तलाकच्या इद्दतीत बाईला गरजेसाठी दिवसा बाहेर पडता येते.

इमाम अबू हनीफा यांचे मत वेगळे आहे, आणि इथे लोकांची समजूत बरोबर उलटी असते. हनफी मजहबात विधवेला कमाईसाठी दिवसभर आणि रात्रीचा काही भाग बाहेर राहण्याची मुभा आहे, फक्त रात्र घरी काढायची. तलाकच्या इद्दतीतल्या बाईला मात्र दिवसाही बाहेर पडू नये असे सांगितले आहे, तलाक रजई असो वा बाइन, आणि पतीने होकार दिला तरीही. कारण असे दिले जाते की विधवेचा खर्च चालवणारा कोणी उरलेला नसतो, म्हणून तिला पोटासाठी बाहेर जावे लागते. तलाक दिलेल्या बाईचा अन्न-वस्त्राचा खर्च, म्हणजे नफका, आणि राहण्याची जागा ही इद्दत संपेपर्यंत पतीवर आहे, म्हणून तिला बाहेर पडण्याचे कारणच उरत नाही. हनफी मजहबात बाइन तलाकनंतरही हा नफका मिळतो.

शाफई मजहबात बाइन तलाक झालेल्या आणि गरोदर नसलेल्या बाईला राहण्याची जागा मिळते पण नफका मिळत नाही, आणि म्हणूनच तिला बाहेर पडता येते. शाफई विद्वान इमाम नववी यांनी मिन्हाज या ग्रंथात लिहिले आहे की अशा बाईला दिवसा अन्न विकत घ्यायला, सुतासाठी आणि तशाच कामांसाठी बाहेर जाता येते, आणि रात्रीसुद्धा शेजारणीच्या घरी सूत कातायला किंवा गप्पा मारायला जाता येते, अट एवढीच की परत येऊन झोपायचे आपल्या घरी. तेराव्या शतकातल्या या वाक्यात बाईच्या हातच्या कामाचे नाव घेऊन मुभा दिलेली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. रजई तलाकमधली बाई आणि गरोदर बाई यांना मात्र नफका मिळत असल्यामुळे शाफई मजहबातही त्यांनी पतीच्या परवानगीने किंवा अगदी निकड असेल तरच बाहेर पडावे असे आहे. दोन्ही मजहबांची मांडणी शेजारी ठेवली की तर्क एकच दिसतो: जिथे पैसा पतीकडून येतो तिथे बंधन जास्त, जिथे येत नाही तिथे मोकळीक जास्त.

हा मतभेद आजचा नाही. पैगंबरांच्या काळातल्या फातिमा बिन्त कैस यांनी सांगितले होते की त्यांना तिसरा तलाक झाल्यावर पैगंबरांनी नफका किंवा घर ठरवून दिले नाही आणि इब्न उम्मे मक्तूम यांच्या घरी इद्दत काढायला सांगितले. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी हे कथन स्वीकारले नाही. एका स्त्रीच्या आठवणीवरून, जी तिला राहिली की विसरली हे ठाऊक नाही, आम्ही अल्लाहचा ग्रंथ सोडणार नाही, असे ते म्हणाले. हंबली मजहब फातिमा यांच्या कथनावर उभा आहे, हनफी मजहब उमर यांच्या निर्णयावर. तेव्हा कोणी ‘इस्लाममध्ये एकच नियम आहे’ असे ठासून सांगत असेल तर त्याने हा भाग वाचलेला नाही असे समजावे.

रत्नागिरी, रायगडकडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, मालेगाव, सोलापूर, मराठवाडा इथे बहुतांशी हनफी, आणि भिवंडीत एकाच गल्लीत दोन्ही भेटतात. म्हणून शेजारच्या घरी मिळालेले उत्तर आपल्याला लागू पडेलच असे नाही.

मग ज्या हनफी बाईला नफका कागदावर मिळतो पण हातात एक रुपया पडत नाही, तिने काय करावे? तिचा विचार पंधराव्या शतकात हनफी विद्वान इब्न हुमाम यांनी केला आहे. खुला घेताना जिने इद्दतीचा खर्च सोडून दिला, तिला कमाईसाठी बाहेर पडता येईल का, यावर आधीच्या हनफी उलेमांत दोन मते होती. काही म्हणत की गरज आहे म्हणून येईल, काही म्हणत की हक्क तिने स्वतःच सोडला म्हणून येणार नाही. इब्न हुमाम यांनी लिहिले की मुफ्तीने प्रत्येक प्रकरण निराळे पाहावे. ती बाहेर पडल्याशिवाय जगूच शकत नाही असे कळले तर जायज असल्याचा फतवा द्यावा, आणि ती निभावू शकते असे कळले तर मनाईचा. आज ज्या बाईचा पती खर्च देत नाही, जिच्या पगारावर मुले आहेत, किंवा लांब गैरहजेरीने जिची नोकरीच जाणार आहे, तिला हनफी मुफ्ती याच धर्तीवर दिवसा कामावर जाण्याची मुभा देतात. ही मुभा गरजेपुरती असते: काम झाले की घर, वाटेत लग्नघरी डोकावणे नाही.

मुफ्तीसाहेबांना प्रश्न कसा लिहावा

बहुतेक बायका फोनवर ‘इद्दतीत नोकरी चालेल का’ एवढेच विचारतात आणि ‘नाही’ हे उत्तर घेऊन रडत बसतात. जेवढा प्रश्न मोघम, तेवढे उत्तर कडक. कारण विचारणाऱ्याची अडचण समोर नसेल तर मूळ नियमच सांगितला जातो. एका ओळखीच्या शिक्षिकेला मी पुढीलप्रमाणे मजकूर लिहायला सुचवले होते, त्यातले तपशील बदलून देतो:

‘माझा मजहब हनफी आहे. ५ जानेवारीला पतीने एक तलाक लेखी दिला. प्रत सोबत आहे. मी गरोदर नाही. मी शाळेत शिक्षिका असून वेळ सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच आहे. शाळा घरापासून नऊ किलोमीटरवर आहे, एसटीने जाते आणि मगरिबच्या आधी परत येते. पतीने इद्दतीचा खर्च दिलेला नाही व मागितल्यावर नकार दिला आहे. माझ्या पगारावर दोन मुले आणि आई आहेत. अर्धवेतनी रजा बावीस दिवस शिल्लक आहे. रजा संपल्यावर कामावर जाणे मला जायज आहे का, आणि असल्यास कोणत्या अटींवर?’

यातला एकही तपशील वगळू नये. रजा किती आहे हे सांगितले की गरज किती दिवसांची आहे हे कळते. वेळ आणि अंतर सांगितले की रात्रीचा प्रश्न उरत नाही. उत्तर लेखी घ्यावे. त्याचा दुसराही उपयोग आहे: बाई विनाकारण इद्दतीचे घर सोडून गेली तर तिचा नफका थांबतो असे हनफी ग्रंथांत आहे, आणि पतीकडचे लोक नेमका हाच मुद्दा पुढे करतात. फतवा हा कोर्टाचा आदेश नव्हे, तो कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलेले आहे. पण घरातल्या आणि जमातीतल्या वादात तो कागद बाईच्या बाजूने बोलतो.

कामाची व्यवस्था

मुभा मिळाल्यावर सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे रात्र. चारही मजहबांत मुभा आहे ती मुख्यतः दिवसाची, आणि रात्र इद्दतीच्या घरी काढायची हे समान आहे. म्हणून नर्सने तेवढ्या आठवड्यांसाठी रात्रपाळी बदलून मागावी; मेट्रनला कारण न सांगता सहकाऱ्याशी अदलाबदल केली तरी भागते. शिक्षिकांना मुक्कामी प्रशिक्षण किंवा आदल्या रात्री मतदान केंद्रावर जाण्याची निवडणूक ड्यूटी लागते, ती रद्द होण्यासाठी वेळेत अर्ज करावा. परगावचा प्रवास, सहल, हजसुद्धा, इद्दत संपेपर्यंत पुढे ढकलावी.

पेहरावाबाबत फरक आहे. रजई तलाकमध्ये शोक पाळायचा नसतो, उलट नीटनेटके राहावे असे हनफी ग्रंथ सुचवतात, कारण पतीचे मन वळण्याला वाव असतो. बाइन तलाकमध्ये हनफी बाईने अत्तर, सुरमा, मेंदी आणि दागिने टाळायचे असतात. शाफई मजहबात ते सक्तीचे नाही, टाळलेले बरे एवढेच. कार्यालयाचा गणवेश साधा असेल तर त्यात अडचण येत नाही.

राहण्याचे ठिकाण हा वेगळाच त्रास असतो. नियमाप्रमाणे इद्दत पतीच्या घरी, जिथे तलाकच्या वेळी राहत होती तिथे. प्रत्यक्षात आपल्याकडे तलाकच्या दुसऱ्या दिवशी बाईची पेटी माहेरी पोचवतात, आणि मग तेच लोक ती नोकरीला गेली म्हणून बोट दाखवतात. घरातून काढले असेल, मारहाणीची भीती असेल किंवा घर पडके वा धोक्याचे असेल तर दुसरीकडे इद्दत काढता येते; मग ते नवे घर हेच इद्दतीचे घर, आणि कामावरून परतायचे ते तिथे.

रजेचा अर्ज करताना ‘कौटुंबिक कारण’ एवढे लिहिले तरी पुरते. आपल्याकडच्या रजा नियमांत इद्दतीची अशी स्वतंत्र रजा नाही. अर्जित, अर्धवेतनी किंवा असाधारण रजेतूनच दिवस काढावे लागतात. आखातात काम करणाऱ्या कोकणी बायका कधी कधी सौदीच्या कायद्याचा दाखला देतात, पण तिथली चार महिने दहा दिवसांची पगारी रजा विधवेसाठी आहे, तलाकसाठी नाही. रजई तलाकच्या इद्दतीत पतीचा मृत्यू झाला तर मात्र बाईची इद्दत विधवेची होते, मोजणी त्या दिवसापासून नव्याने चार महिने दहा दिवस, आणि तिचा वारसाहक्कही शाबूत राहतो. म्हणून सेवापुस्तकातली किंवा भविष्य निर्वाह निधीची नामनिर्देशने बदलण्याची घाई इद्दतीत करू नये.

पैशाची मागणी मात्र लगेच करावी. १९८६ च्या कायद्याप्रमाणे पतीने इद्दतीच्या मुदतीत वाजवी तरतूद आणि पोटगी द्यायची असते, आणि मेहर (निकाहात पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम) राहिला असेल तर तोही मागता येतो. २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही तरतूद फक्त तीन महिन्यांपुरती नसून पुढच्या आयुष्यासाठी आहे, आणि ती इद्दतीच्या आत करायची आहे. मजहब शाफई असला आणि फिक्हप्रमाणे बाइन तलाकात नफका मिळत नसला तरी हा कायदा तिलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या (आता तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे) पोटगीच्या कलमाचा मार्गही तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला खुला असल्याचे पक्के झाले. मॅजिस्ट्रेटसमोरच्या तारखेला हजर राहणे ही गरजच आहे, त्यासाठी बाहेर पडण्याला उलेमा हरकत घेत नाहीत. तारीख दुपारची असते, आणि संध्याकाळच्या एसटीने घरी परतता येते.

पतीने मध्येच खर्च द्यायला सुरुवात केली तर काय, असा प्रश्न राहतो. रक्कम खरोखर पुरेशी असेल आणि रजा मिळत असेल तर हनफी मतानुसार मुभेचे कारण संपते आणि उरलेले दिवस घरी काढावेत. ती आली एका महिन्याची आणि तीही अर्धी, तर नव्याने प्रश्न लिहावा, आणि त्यात मिळालेल्या रकमेचा आकडा, घरभाडे, किराणा आणि मुलांची फी यांचे आकडे समोरासमोर मांडावेत.